गाडीखालचा कोरा कागद

५ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार करते आणि लगेच भांडायला घेते. मागच्या पत्रात तू तब्येतीबद्दल एक ओळ लिहिलीस आणि वॉर्डातल्या पंख्याबद्दल पानभर. पंखा कुरकुरतो हे मला कळलं, गळ्याची जखम भरली का ते कळलं नाही. डॉक्टरांनी तुझं स्वरयंत्र काढलंय, हात काढलेला नाही. तेव्हा नीट लिही.

आता कामाचं. तू गॅरेज बंद करताना आम्हाला दिलेली पिकअप तशी बरी धावते, पण तिचं तेल गळायला लागलंय. इंजिनाच्या डाव्या अंगाला तो मुठीएवढा पंप आहे ना, ज्याचा जाड पाइप ब्रेकच्या गोल डब्याकडे जातो, तिथून. तू शिकवल्याप्रमाणे गाडीखाली कोरा कागद अंथरून ठेवला, तर सकाळी त्याच्यावर भलामोठा डाग. आणि पहिल्या फेरीला ब्रेक जड लागतो असं हे म्हणतात. म्हणतात म्हणजे काय, कुरकुरतात. तुझ्या त्या पंख्याला इकडे एक भाऊ आहे असं समज.

मला मात्र ब्रेक म्हटलं की ह्यांची बर्फाची फेरी दिसते. बर्फाच्या कारखान्यापासून बंदरापर्यंत सगळा उतार, मागे गाडीभर लाद्या, आणि खाली मासळीच्या लिलावाला जमलेली माणसं. मेकॅनिककडे न्या म्हटलं तर म्हणाले, "तुझ्या भावाने गॅरेज बंद केल्यापासून इथे मेकॅनिक उरलाय कोण? नुसते पाने हातात धरणारे." हे दादाला सांगू नकोस, असंही म्हणाले. सांगितलं.

तेव्हा तो पंप मीच उघडणार आहे. लहानपणी गाडीखाली आडवा पडून तू हात बाहेर काढायचास आणि मागितलेला पाना मी बरोबर ठेवायचे, कधी चुकले नाही. काय, कसं करायचं ते ओळीने लिहून पाठव. ह्यांनी ऐकलं आणि हसत सुटले. "ते शिवणाचं मशीन नाही," म्हणाले. आणि आंघोळीनंतर ओला टॉवेल माझ्या शिवणावर टाकून झोपले. कितीदा सांगायचं माणसाला.

तुझी
बारकी


१३ फेब्रुवारी

बारके,

जखम भरली. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतो, वर जाळीचं फडकं बांधलेलं असतं. बोलायला गेलो की त्या भोकातून नुसती हवा जाते. सायलेन्सर नसलेल्या गाडीचा निदान आवाज तरी होतो. रेडिएशन अजून बरंच बाकी आहे. इथल्या आयाबाईंना सगळे मावशी म्हणतात, त्यांनी मला पाटी आणून दिलीय. काही हवं असलं की पाटीवर लिहितो आणि त्या मोठ्याने वाचतात, म्हणजे मला लघवीला जायचंय हे सगळ्या वॉर्डाला कळतं. शेजारच्या खाटेवर एक न्हावी होता, तोही माझ्यासारखाच मुका. आम्ही हातवारे करून पत्ते खेळायचो. परवा तो गेला. त्याची गादी गॅलरीत वाळत टाकलीय. झालं समाधान?

आता पंप. आधी तो काय करतो ते समजून घे, म्हणजे हात चुकणार नाही. तो ब्रेकच्या गोल डब्यातली हवा ओढून घेतो. हवा ओढलेली असली की नुसता पाय टेकला तरी भरली गाडी थांबते. नसली की पेडल दगड होतं, मग त्यावर उभी राहिलीस तरी उपयोग नाही. पंपाच्या आत पाती फिरतात, ती इंजिनाच्या तेलावर. पंप आणि इंजिन जिथे जुळतात तिथे एक रबरी कडी असते. ती वय झालं की कडक होते आणि तेल बाहेर येतं. एवढाच आजार आहे.

इंजिन गार होऊ दे. जाड पाइप ओढू नकोस, पिळून पिळून सोडव, म्हातारा आहे तो. तीन बोल्ट आहेत. खालचा दिसत नाही, बोटाने शोधावा लागतो, तो तुला शिव्या द्यायला लावील. पंप सरळ बाहेर घे. जुनी कडी लाकडाच्या काडीने काढ, लोखंडाचं टोक लावलंस तर ओरखडा उठेल. दोन्ही तोंडं रॉकेलने आरशासारखी पूस. नव्या कडीला तेलाचं बोट लाव, बसव, आणि तिन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळ. एकच आवळत बसू नकोस.

मग कागद ठेव. कोरा राहिला तर काम झालं. थेंब दिसला की कारागीर हरला, हे मी तुला वेगळं सांगायला नको.

मेहुणेबुवांना म्हणावं, हसा. तुमच्या बायकोच्या बोटात जेवढी अक्कल आहे तेवढी माझ्या गॅरेजातल्या कुणाच्या डोक्यात नव्हती.

दादा


२४ फेब्रुवारी

दादा,

कोरा! सोबत कागद पाठवतेय, उलटसुलट करून बघ, उन्हात धरून बघ. एक थेंब नाही. रोज नवा कागद ठेवते आणि रोज कोरा काढते. एक माझ्या खणात जपून ठेवलाय, आणि हा तुला.

खालच्या बोल्टाने बोटाचं सालटं काढलं आणि शिव्याही द्यायला लावल्या, तुझ्याच गॅरेजातल्या. कडी दुकानात मिळाली, पण जुनीपेक्षा केसभर बारीक वाटली. दुकानदार म्हणाला चालते. मला पटेना. मला हरायचं नव्हतं, दादा. तुझ्यापुढे नाही आणि ह्यांच्यापुढे तर मुळीच नाही. म्हणून गळती बंद करायच्या काळ्या पेस्टची ट्यूब आणली आणि पंपाचं तोंड सगळीकडून भरून घेतलं, काजाला गच्च दोरा भरतो तसं. बोल्ट आवळल्यावर जी बाहेर आली ती बोटाने पुसून घेतली. इतकी सुबक कड दिसते की वरून बॉनेट लावायला जीव होत नव्हता.

ब्रेक आता लोण्यासारखा लागतो. हे म्हणाले! एकदा मला म्हणाले, आणि एकदा माझं लक्ष नाही असं बघून शेजाऱ्यांना. पंपाकडून सकाळी बारीक कटकट ऐकू येते, पण नवीन कडी अंगवळणी पडायला वेळ लागत असेल, असं ह्यांचं मत. ह्यांची मतं तुला माहीतच आहेत. बंदरावर होड्या वाढल्यात म्हणून फेऱ्याही वाढवल्यात. घरी येतात ते बर्फाने गारठलेले हात माझ्या मानेला लावतात आणि वर हसतात. ह्या वयात शोभतं का?

तू जेवतोस का? नळीतून म्हणजे किती जात असेल पोटात.

तुझी
बारकी


३ मार्च

बारके,

हे पत्र हातात पडेल तेव्हा गाडी असेल तिथे उभी कर. बाकीचं नंतर वाच.

पंपाच्या तोंडावर कडीच्या आतल्या बाजूला एक बारीक भोक आहे. इंजिनाचं तेल तिथून पंपात जातं. पेस्ट जेवढी बाहेर येते तेवढीच आतही जाते. बाहेरची तू पुसलीस, आतली कोण पुसणार? ते भोक बुजलंय. कटकट येते ती पाती कोरडी घासल्याची. गळत नाही, कारण तेल पोचतच नाहीये, तर गळणार काय? पाती झिजतील आणि अडकतील, आणि अडकतील तेव्हा उतारावर पेडल दगड होईल. तू पाठवलेला कोरा कागद तेच सांगतोय.

भोकाचं मी लिहिलंच नव्हतं. गाडीपाशी उभा असतो तर बोट आपोआप तिकडे गेलं असतं. पंप हातात घेतला की मी आधी त्या भोकात फुंकर मारतो, आयुष्यभर मारलीय, मारतो हे माझ्या ध्यानातही नव्हतं. लिहायला बसलो तेव्हा हात कागदावर होता.

काल दुपारी तुझं पत्र आलं. जेवणाची वेळ, वॉर्डात कुणी नाही. मी जिना उतरून खाली ऑफिसात गेलो आणि बर्फाच्या कारखान्याचा नंबर फिरवला. गाडी भरायला तिथे आले असतील, मेहुण्यांनीच उचलला. "हॅलो" म्हणाले, "कोण बोलतंय" म्हणाले. मी तोंड उघडलं आणि भोकातून हवा गेली. मग रिसीव्हरवर नखाने टकटक केलं. त्यांनी शिवी हासडून फोन ठेवला. एवढा जवळ आवाज होता त्यांचा, बारके. मी हात लांब करून कॉलर धरली असती.

मग मावशींना शोधून आणलं, पाटीवर लिहून दिलं, आणि त्यांनी पुन्हा फोन लावला. मेहुणेच होते. ब्रेक जाणार आहे, गाडी काढू नका, बारकीने पंप पुन्हा उघडावा, असं मावशींनी शब्दन् शब्द वाचून दाखवलं. ते काय म्हणाले विचारलं तर मावशी म्हणतात, "हसले, आणि बरं म्हणाले." ते हसणं मला समजेना. रात्रभर तेच डोक्यात. म्हणून हे पत्रही टाकतोय.

लगेच कळव. नुसतं 'थांबवली' एवढं लिहिलंस तरी चालेल.

दादा


२१ मार्च

दादा,

तुझं पत्र मिळालं. शिवण फार आलं होतं म्हणून उत्तराला उशीर झाला.

गाडी थांबवली. पंप उघडला. तू म्हणतोस तसंच होतं, पेस्ट आत गेली होती, भोकात तांदळाच्या दाण्याएवढा गोळा. सुईने काढला. आता भोक साफ आहे.

हे बरे आहेत. फार चांगले आहेत. माझं सगळं ऐकतात. टॉवेलसुद्धा दोरीवर टाकतात. आपल्याला माणसाची किंमत कळत नाही हेच खरं.

तू काळजी करू नकोस आणि उपचार अर्धे टाकून येऊ नकोस. मी बरी आहे.

बारकी


२८ मार्च

बारके,

तुझं लग्न झाल्यापासून मेहुण्यांची तक्रार नाही असं एक पत्र मला तुझ्याकडून आलेलं नाही. टॉवेल, घोरणं, गार हात, मतं. मी ती पत्रं हसत वाचायचो, कारण तुझं बरं चाललंय हे मला त्या तक्रारींवरूनच कळायचं. ह्या पत्रात ते फार चांगले आहेत. जिवंत माणसाबद्दल तू असं लिहीत नाहीस.

पत्र घडी करून ठेवलं आणि मावशींना पाटीवर लिहून दिलं, 'कारखान्यात फोन लावा.' तिथल्या कारकुनाने सगळं सांगितलं. मावशी ऐकत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या. मी बाकावर बसलो.

माझ्यापासून लपवलंस, ह्याचं काही नाही. माझ्या गळ्याची काळजी केलीस. पण तू एकटी बसून स्वतःला खातेस हे मला इथून दिसतंय, म्हणून गेलेल्या माणसाबद्दल लिहू नये ते लिहितो. त्यांना निरोप मिळाला होता. स्पष्ट मिळाला होता. ते हसले आणि गाडी घेऊन गेले. बायकोचा भाऊ काहीतरी सांगतोय, कशाला ऐकायचं, हा त्यांचा हेका पहिल्यापासूनचा. दोष तुझ्या हाताचा नाही. भोकाचं मी लिहिलं नाही, तेवढा माझा. उरलेला सगळा त्यांचा. राग धर त्यांचा. रागाने माणूस उभं तरी राहतं.

उत्तर दे. शिव्या दिल्यास तरी चालेल, पण दे.

दादा


६ एप्रिल

दादा,

ह्यांच्याबद्दल तसं पुन्हा लिहू नकोस. तुला माहीत नाही म्हणून सोडते.

तुझा फोन आला त्या दुपारी हे घरी आले. चालत आले. गाडी भरून कारखान्याच्या दारात उभी होती, आणि ती तिथेच ठेवून उन्हातून चालत आले. दारातूनच म्हणाले, "तुझ्या दादाने कुणा बाईकडून निरोप पाठवलाय, ब्रेक जाणार म्हणे, पंप तू पुन्हा उघडायचा म्हणे. त्याच्या आधी एक मुका फोन आला होता, टकटक करत होता. तोही दादाच असणार. मी शिवी घातली गं त्याला. पत्रात माझ्या वतीने माफी माग." फोनवर हसले ते ओशाळून हसले असतील. ह्यांना ओशाळायला झालं की हे हसायचे, तुला एवढ्या वर्षांत कळलं नाही.

मग म्हणाले, "काम तू केलंयस, तेव्हा तू सांग. काढू का गाडी?"

मी मशीनवर बसले होते. मला राग आला, दादा. ह्यांचा नाही, तुझा. वाटलं, एवढ्या लांबून, न बघता, माझ्या कामाला नावं ठेवतोय. जन्मात एकदा ह्यांनी चारचौघांत माझं कौतुक केलं, तेही दादाला बघवत नाही. ब्रेक जाणार एवढंच कळलं होतं, का जाणार ते कुठे कळलं होतं? मी खणातून कागद काढला आणि ह्यांच्यासमोर धरला. म्हटलं, "बघा. दिसतोय का एक तरी थेंब? तिकडे पडून पडून दादा घाबरट झालाय. जा तुम्ही."

"नक्की?" म्हणाले.

"नक्की."

"तू म्हणतेस तर झालं," म्हणाले. लाद्या वितळतायत म्हणून चहालासुद्धा थांबले नाहीत. मीही मान वर करून बघितलं नाही, बाही जोडत होते.

पहिल्या वळणाला ब्रेक लागला, असं मागून येणाऱ्या सायकलवाल्याने सांगितलं. दुसऱ्याला लागला नाही. तिथून खालपर्यंत हॉर्न वाजत होता. मी तो ऐकला. कुणाचा एवढा मेला हॉर्न, असं म्हटलं आणि पुन्हा सुई ओवली. खाली लिलाव भरलेला होता. ह्यांनी गाडी वजनकाट्याच्या खोलीच्या भिंतीवर घातली, म्हणून माणसं वाचली. मागच्या लाद्या काच फोडून पुढे आल्या. डॉक्टर म्हणाले, लगेच गेले. मी विचारलं नव्हतं.

तुझं ते पत्र आलं तेव्हा घरात भेटायला आलेली माणसं बसली होती. मी सगळ्यांसमोर ते वाचलं, घडी घातली आणि आतल्या खोलीत गेले. नंतर भंगारवाल्याकडून पंप मागून आणला आणि शिवणाच्या टेबलावर उघडला. तुला लिहिलं ते खोटं नव्हतं. दाणा होता. सुईने काढायला जरासुद्धा वेळ लागला नाही.

तू म्हणतोस राग धर. कुणाचा धरू? सगळ्या संसारात त्या माणसाने माझं कधी काही ऐकलं नाही. टॉवेल इथे टाकू नका, ऐकलं नाही. फेऱ्या वाढवू नका, ऐकलं नाही. आणि ऐकलं ते हे.

कोरा कागद तू मला शिकवलास आणि मी तो ह्यांना दाखवला. हे तुला बोल लावायला लिहीत नाही, पण आहे ते असं आहे. तुला भोक सांगायचं सुचलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही, आणि मधल्या मधे हे गेले.

मी मशीनवर बसत नाही. लोक शिवायला दिलेलं कापड परत घेऊन जातात. सांत्वनाला येतात त्यांना मी काही सांगितलेलं नाही. सगळे म्हणतात गाडी जुनी होती. मी मान हलवते. पुढे काय करायचं, मला कळत नाही. कुणाशी बोलावंसं वाटत नाही, तुझ्याशीही नाही. तू पुन्हा लिहू नकोस.

बारकी


१४ एप्रिल

बारके,

लिहू नकोस म्हणालीस. एवढं एक लिहितो.

मेहुण्यांबद्दल मी चुकलो. आयुष्यभर चुकलो. ते ऊन तुडवत घरी आले हे वाचलं. मावशींनी काय झालं विचारलं, तर मी पाटी उलटी ठेवली. त्यांची माफी पोचली. माझी आता कुणाला सांगू?

तुझा दोष नाही, असं मी पुन्हा लिहिणार नाही. तू ते मानणार नाहीस, आणि मी कितीही लिहिलं तरी तुझ्या कानातला हॉर्न थांबणार नाही. जे झालं ते आपल्या दोघांच्या हातून झालं. एकटीने धरून बसू नकोस, एवढंच. अर्धं माझं आहे, ते मला दे.

रेडिएशन संपलं. डॉक्टर म्हणतात अजून तपासायचंय, थांबा. मी सही करून निघतोय. मंगळवारच्या गाडीने येईन. स्टेशनवर येऊ नकोस, मला रस्ता माहीत आहे. मशीनही उघडू नकोस आणि घरही आवरू नकोस. मला बोलता येत नाही आणि तुला बोलायचं नाही, तेव्हा जमेल आपलं.

हा कागद ओळखलास का? तू पाठवलेला तोच आहे. एवढे दिवस उशीखाली होता. फेकून द्यायला हात होईना आणि कोरा बघवेना, म्हणून ह्याच्यावरच लिहिलं.

पोचलो की मला हाक मारता येणार नाही. दारावर नखाने टकटक करीन. तो मीच असेन. उघड.

दादा